कुंडीतील भाजी: रोप सर्वांत शेवटी आणावे

बाल्कनीत भाजी लावण्याचा प्रयत्न बहुतेक वेळा नर्सरीच्या दारातच फसलेला असतो. फळांनी लगडलेले टोमॅटोचे रोप तेथे दिसते आणि ते घेतले जाते. त्याच्याबरोबर दुकानदार देईल ती कुंडी व तयार मातीची पिशवी येते, आणि हे सारे ठेवायचे कोठे हा प्रश्न घरी आल्यानंतर पडतो. तीन आठवड्यांत पाने पिवळी पडतात, मग पाणी वाढवले जाते, त्याने पाने आणखी पिवळी पडतात, आणि शेवटी ‘आमच्या हाताला गुण नाही’ असे म्हणून कुंडी कोपऱ्यात सरकवली जाते. येथे हाताचा दोष नसतो. कामांचा क्रम उलटा झालेला असतो.

जमिनीतील झाडाला एका जागी पाणी मिळाले नाही तर त्याची मुळे दुसरीकडे वळतात. कुंडीतील मुळांना ती सोय नसते. भांड्याच्या भिंतींच्या आत जे आहे त्यावरच त्यांना निभावून न्यावे लागते. म्हणून ऊन, जागा, भांडे, माती, हंगाम आणि त्यानंतर रोप असा क्रम पुढे धरला आहे. उदाहरणासाठी महाराष्ट्रातील शहरी सदनिकेची बाल्कनी आणि मेथी, कोथिंबीर, मिरची व टोमॅटो ही चार पिके घेतली आहेत, कारण सर्वाधिक लोक यांच्यापासूनच सुरुवात करतात आणि सर्वाधिक चुकाही यांच्याच बाबतीत करतात.

## १. ऊन मोजणे

‘आमच्याकडे भरपूर उजेड असतो’ हे मोजमाप नव्हे. जेथे कुंडी ठेवायची त्या नेमक्या जागी सकाळी ७ पासून संध्याकाळी ६ पर्यंत दर तासाला पाहावे आणि थेट ऊन पडलेले असेल तर कागदावर खूण करावी. हे एका सुट्टीच्या दिवशी सहज होते. ५ ते ६ तास किंवा अधिक ऊन असेल तर मिरची व टोमॅटो घ्यावेत. ३ ते ४ तास असेल तर मेथी, पालक, कोथिंबीर आणि पुदिना यांवर समाधान मानावे. ५ तासांहून कमी ऊन असेल तर फळभाजीचा नाद सोडावा. कितीही खत घातले तरी उन्हाची उणीव भरून निघत नाही.

एक गोष्ट मात्र हमखास विसरली जाते. आज पाहिलेले ऊन वर्षभर तसेच राहत नाही. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणाभिमुख बाल्कनीत ऊन खोलवर येते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुणे-मुंबईच्या अक्षांशावर माध्यान्हीचा सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेकडे असतो, आणि वरच्या मजल्याच्या स्लॅबमुळे हीच बाल्कनी सावलीत जाते. हिवाळ्यात बहरलेली दक्षिणेकडील मिरची जूनमध्ये नुसतीच उंच का होते, याचे उत्तर येथे आहे. पूर्वेकडील बाल्कनी सर्वांत सोयीची. पश्चिमेकडील बाल्कनीत ऊन पुरते, पण मार्च ते मे या काळात दुपारनंतर तेथे हिरवी शेडनेट बांधावी लागते.

तपासणी: दोन वेगवेगळ्या दिवशी केलेल्या नोंदी जुळत असतील तरच पुढे जावे. एक दिवस ढगाळ असेल तर ती नोंद धरू नये.

## २. जागा आणि वजन

१५ लिटरच्या कुंडीत निव्वळ माती भरली तर तिचे ओले वजन २५ किलोच्या आसपास जाते. अशा दहा कुंड्या म्हणजे पाव टन. पुढे सांगितलेले हलके मिश्रण वापरल्यास हा भार बराच उतरतो, तरीही मोठ्या कुंड्या बाल्कनीच्या कठड्याकडे न ठेवता घराच्या भिंतीलगत ठेवाव्यात. इमारत जुनी असेल किंवा गच्चीवर मांडणी करायची असेल तर सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी आणि अभियंत्याला विचारावे.

कुंडी थेट फरशीवर ठेवू नये. दोन विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवल्यास तळाची छिद्रे मोकळी राहतात, फरशीवर डाग पडत नाहीत आणि खालच्या मजल्यावरील शेजारी तक्रार घेऊन वर येत नाहीत.

सावधान: कठड्यावर सुटी कुंडी कधीही ठेवू नये. वळवाच्या पावसाबरोबर येणारा वारा भरलेली कुंडीही खाली पाडतो.

## ३. भांडे निवडणे

भांडे निवडताना रूप नव्हे, खोली पाहावी. मेथी आणि कोथिंबिरीला ६ इंच खोल पण पसरट भांडे पुरते. जुना ट्रे, आंब्याचा प्लॅस्टिकचा क्रेट किंवा थर्माकोलची पेटीही चालते. पालकाला ८ इंच खोली लागते. मिरचीला १२ ते १५ लिटरची, म्हणजे साधारण १२ इंची कुंडी द्यावी. टोमॅटोला किमान २० लिटर हवेत; रंगाची मोठी रिकामी बादली या मापात बसते, मात्र ती आतून नीट घासून धुतलेली असावी. दुधी आणि कारले ४० लिटरपेक्षा लहान भांड्यात लावून स्वतःची निराशा करून घेऊ नये.

मातीची कुंडी भिंतींतून श्वास घेते, म्हणून ती लवकर वाळते. ज्यांचा हात पाणी घालण्यात सैल आहे त्यांच्यासाठी ती उत्तम. प्लॅस्टिकच्या भांड्यात ओल टिकते, म्हणून तेथे पाणी जपून घालावे लागते. काळ्या रंगाचे भांडे पश्चिमेच्या उन्हात इतके तापते की कडेची मुळे भाजतात. त्याभोवती गोणपाट गुंडाळावा.

तळाला किमान ५ ते ६ छिद्रे असावीत आणि प्रत्येक छिद्र करंगळीच्या जाडीइतके असावे. नर्सरीतील प्लॅस्टिक कुंड्यांना छिद्रांच्या नुसत्या खुणा असतात, त्या पाडलेल्या नसतात. हे न पाहता कुंडी भरली जाते आणि पहिल्या पावसात तिचे तळे होते.

आता एका पक्क्या गैरसमजाबद्दल. तळाशी खडी किंवा विटांच्या तुकड्यांचा दोन-तीन इंचांचा थर दिला की निचरा चांगला होतो, असे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. प्रत्यक्षात होते उलटे. बारीक मातीत पाणी केशाकर्षणाने धरलेले असते आणि खालच्या जाड खडीत ते सहजी उतरत नाही. खडीच्या वर, मातीच्या शेवटच्या थरात ते साठून राहते. म्हणजे जो चिखल कुंडीच्या तळाशी राहिला असता तो तीन इंच वर, मुळांच्या आणखी जवळ येतो. शिवाय मुळांची तेवढी जागाही कमी होते.

पटत नसेल तर भांडी घासण्याचा नवा स्पंज पाण्यात भिजवून आडवा धरावा. थेंब गळणे थांबले की तोच स्पंज उभा करावा; पुन्हा पाणी गळू लागते. स्पंज तोच आणि पाणीही तेच, केवळ उंची वाढली. कुंडीचेही असेच आहे. भांडे जितके खोल आणि मिश्रण जितके मोकळे, तितका निचरा अधिक. छिद्रातून माती वाहून जाऊ नये यासाठी फुटक्या कुंडीची एक खापरी पालथी ठेवावी किंवा मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा घालावा. त्याहून अधिक काही नको.

## ४. मिश्रण तयार करणे

या टप्प्यावर घाई करणाऱ्यांची पुढील सर्व मेहनत वाया जाते, म्हणून येथे थोडे थांबावे.

विदर्भ-मराठवाड्यातील किंवा पश्चिम महाराष्ट्रातील गावाकडची काळी माती प्रेमाने पोत्यात भरून आणली जाते. शेतात ती सोने असेल, पण कुंडीत ती एकटी चालत नाही. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते; मग घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते आणि गाभा कोरडाच राहतो. नदीकाठची पोयटा माती किंवा कोकण-सह्याद्रीकडील लाल माती अधिक बरी. काळी मातीच हाताशी असेल तर तिचे प्रमाण एकूण मिश्रणाच्या पाचव्या भागापेक्षा अधिक ठेवू नये. समुद्राची वाळू मिसळू नये, कारण तिच्यात मीठ असते.

प्रमाण वजनावर नव्हे, आकारमानावर धरावे. एकाच घमेल्याने मोजून पोयटा किंवा लाल माती १ भाग, पूर्ण कुजलेले कंपोस्ट अथवा गांडूळखत १ भाग आणि भिजवलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) १ भाग घ्यावे. प्रत्येक १२ इंची कुंडीमागे एक मूठ निंबोळी पेंड टाकावी. भात पिकणाऱ्या भागात राहणाऱ्यांनी कोकोपीटचा अर्धा हिस्सा भाताच्या तुसाने भरून काढला तरी चालतो.

कोकोपीटची ५ किलोची वीट मोठ्या टबात पाणी घालून फुलवावी. ती ६० लिटरच्या आसपास किंवा अधिकही होते, त्यामुळे टब निवडताना कंजुषी करू नये. नारळाच्या काथ्यात क्षार असू शकतात, म्हणून पहिले चहाच्या रंगाचे पाणी पिळून फेकून द्यावे, पुन्हा भिजवावे आणि पुन्हा पिळावे. ही दुसरी धुलाई बहुतेक जण टाळतात आणि महिन्याभराने पानांच्या कडा करपल्या की कीड शोधत बसतात.

शेणखत वापरायचे असल्यास त्याला शेणाचा वास येता कामा नये. पावसानंतरच्या मातीसारखा वास यावा, ते हातात गार लागावे आणि भुसभुशीत असावे. कच्चे शेणखत कुंडीत तापते, मुळे पोळतात आणि त्याबरोबर हुमणीची अळीही घरात येते.

सर्व मिश्रण गच्चीवर किंवा जुन्या चादरीवर तीन वेळा वरखाली करून कुंड्यांत भरावे, वरून दोन इंच जागा मोकळी ठेवावी, पाणी द्यावे आणि ८ ते १० दिवस तसेच राहू द्यावे. या काळात मिश्रण खाली बसते. बसल्यावर आणखी भर घालावी. हाताने दाबून भरू नये.

तपासणी: ओलसर मिश्रणाची मूठ आवळावी. लाडू वळला गेला आणि बोटाने टोचताच फुटला तर मिश्रण योग्य आहे. लाडू फुटतच नसेल तर माती जास्त झाली. वळलाच जात नसेल तर तूस किंवा कोकोपीट जास्त झाले. यानंतर कुंडीत एक लिटर पाणी ओतावे. ते अर्ध्या-पाऊण मिनिटात पृष्ठभागावरून आत जिरले पाहिजे आणि पुरेसे पाणी घातल्यावर तळातून ठिबकू लागले पाहिजे.

## ५. हंगाम पाहून पीक ठरवणे

मेथी आणि कोथिंबीर यांचा खरा काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी. एप्रिलमध्ये लावलेली कोथिंबीर चार पाने येताच फुलावर जाते, त्यात बियाण्याचा दोष नसतो. टोमॅटोची रोपे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करून थंडीत फळे घ्यावीत; दिवसाचे तापमान ३५ अंशांच्या वर आणि रात्रही उबदार राहू लागली की टोमॅटोची फुले फळ न धरताच गळतात. मिरची जून-जुलैत किंवा जानेवारीत लावता येते. उन्हाळ्यात कुंड्या मोकळ्या ठेवणे जिवावर येत असेल तर भेंडी आणि गवार घ्यावी.

## ६. पेरणी आणि लावणी

मेथीचे दाणे ८ ते १० तास भिजवून पसरावेत, वर अर्धा इंच मिश्रण भुरभुरावे. तीन-चार दिवसांत ती उगवते आणि २५ ते ३० दिवसांत काढणीला येते. मुळासकट उपटण्याऐवजी दोन इंच ठेवून कापल्यास कधीकधी दुसरा, थोडा विरळ बहर मिळतो.

कोथिंबिरीचा धणा हे जोडफळ असते. चपलेच्या तळव्याने किंवा लाटण्याने हलके रगडून त्याचे दोन भाग करावेत, रात्रभर भिजवावे आणि मग पेरावे. अख्खा धणा टाकून चौथ्या दिवशी माती उकरून पाहणारे अनेक आहेत. कोथिंबिरीला उगवायला ८ ते १२ दिवस लागतात, तोवर हात आवरावा. स्वयंपाकघरातील धणे फार जुने किंवा भाजलेले असू शकतात, म्हणून बियाण्याच्या दुकानातील धणे घ्यावेत. रंग लावलेले बियाणे औषध चोळलेले असते. ते खाण्याच्या भांड्यात भिजवू नये आणि हाताळल्यावर हात धुवावेत.

मिरची व टोमॅटो थेट मोठ्या कुंडीत पेरू नयेत. ट्रेमध्ये किंवा कागदी कपांत रोपे करावीत. टोमॅटोचे रोप २५ ते ३० दिवसांत, तर मिरचीचे ५ ते ६ आठवड्यांत लावणीयोग्य होते. नर्सरीतून आणायचे असेल तर फुले-फळे लागलेले उंच रोप सोडून चार-सहा पानांचे, बुटके, जाड खोडाचे रोप निवडावे आणि पानांची खालची बाजू पाहूनच पैसे द्यावेत. मी एकदा ही तपासणी केली नाही आणि एका मिरचीच्या रोपाबरोबर आणलेली पांढरी माशी पुढचे चार महिने सर्व कुंड्यांत नांदली.

लावणी संध्याकाळी करावी. रोपाच्या पिशवीला तासभर आधी पाणी द्यावे, पिशवी बाजूने फाडावी आणि मुळांचा गोळा न फोडता बसवावा. मुळे गोल गुंडाळली गेली असतील तरच ती बोटांनी हलकी मोकळी करावीत. टोमॅटोचे खोड खालची पाने काढून पहिल्या वरच्या पानांपर्यंत मातीत गाडावे, कारण त्या खोडाला नवी मुळे फुटतात. मिरचीचे रोप मात्र पिशवीत होते तितक्याच खोलीवर ठेवावे. टोमॅटोचा आधार, म्हणजे बांबू किंवा काठी, याच वेळी रोवावी. महिन्याने रोवली तर मुळे तुटतात.

सावधान: एका १२ इंची कुंडीत मिरचीचे एकच रोप लावावे. दोन लावली की ती दोन्ही अर्धी राहतात. शहरात आणखी एक उपद्रव कबुतरांचा. रोपे कोवळी असेपर्यंत कुंडीवर जाळी ठेवावी.

## ७. पाणी

कुंडीतील झाडे उपाशी राहून क्वचित मरतात. ती बुडून मरतात. ‘रोज एक तांब्या’ हा नियम सोडून द्यावा. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसावे. टोकाला ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. काही दिवस असे केल्यावर कुंडी किंचित उचलूनच वजनावरून अंदाज येऊ लागतो. जानेवारीत दोन-तीन दिवसांआड पाणी पुरते, तर एप्रिलच्या उन्हात तेच रोप सकाळ-संध्याकाळ पाणी मागते.

द्यायचे तेव्हा तळातून ठिबकेपर्यंत द्यावे. वरवर शिंपडल्याने मुळे वरच्याच थरात राहतात. कोकोपीट एकदा पूर्ण वाळले की पाणी झिडकारते आणि ओतलेले सारे पाणी कडेने निघून जाते. तळातून लगेच पाणी आले म्हणून कुंडी भिजली असे समजू नये. अशी कुंडी टबातील पाण्यात अर्धा तास ठेवावी.

पाने मलूल दिसली की पाणी हा आपला ठरलेला उपाय असतो, आणि येथेच घात होतो. दुपारी पाने लवली व संध्याकाळी सावरली, तर तो उन्हाचा परिणाम आहे. काही करू नये. पाने लवली आहेत आणि मातीही ओली आहे, तर मुळे कुजत आहेत. पाणी थांबवावे, छिद्रे काडीने मोकळी करावीत आणि कुंडी सावलीत ठेवावी. पाने लवली आहेत आणि माती कोरडी आहे, तरच पाणी द्यावे.

कुंडीखालच्या ताटलीतील पाणी अर्ध्या तासाने ओतून द्यावे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून ताटली आठवड्यातून एकदा घासून धुवावी. अंडी कडेला चिकटून राहतात, नुसते पाणी ओतल्याने जात नाहीत. पावसाळ्यात ताटल्या काढूनच ठेवाव्यात.

गावी जायचे असेल तर पाण्याच्या बादलीतून कुंडीत सुती दोरीची वात सोडता येते. बादली कुंडीपेक्षा उंचावर ठेवावी, दोरी आधी पूर्ण भिजवावी आणि निघण्यापूर्वी तीन दिवस ही व्यवस्था चालवून पाहावी.

## ८. खत आणि निगा

मिश्रणात कंपोस्ट असल्याने पहिले तीन-चार आठवडे काहीही घालू नये. नंतर दर पंधरा दिवसांनी प्रत्येक फळभाजीच्या कुंडीत एक मूठ गांडूळखत वरच्या थरात मिसळावे, किंवा दहापट पाणी घालून पातळ केलेले जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ व बेसन आंबवून केलेले द्रावण) द्यावे. कोरड्या मातीत कोणतेही खत देऊ नये. आधी पाणी, मग खत.

स्वयंपाकघरातील साले, उरलेला भात आणि साखरेसह चहाचा चोथा थेट कुंडीत टाकण्याची सवय मोडावी. ते तेथे कुजताना मातीतील नत्र खर्च होते, चिलटे व मुंग्या येतात. ते आधी वेगळ्या डब्यात कुजवावे. टोमॅटोच्या बुडाशी काळा चामड्यासारखा डाग पडला की अंड्याची टरफले टाकली जातात. टरफले विरघळायला फार वेळ लागतो, आणि हा दोष बहुतेकदा पाणी कधी खूप तर कधी मुळीच नाही अशा देण्यामुळे होतो, कारण त्याने कॅल्शियम फळापर्यंत पोहोचत नाही.

मिरचीचे रोप ८ ते १० इंचांचे झाले की शेंडा खुडावा. बंदिस्त बाल्कनीत वारा नसतो, म्हणून टोमॅटोच्या फुलांचे देठ सकाळी दहा-अकराच्या सुमारास बोटाने हलकेच टिचकावेत. परागकण झडून फळधारणा होते.

## ९. कीड

दर रविवारी पानांची खालची बाजू पाहावी. मिरचीची पाने वरच्या बाजूला द्रोणासारखी वळली तर फुलकिडे आणि खालच्या बाजूला वळली तर कोळी (डोळ्यांना जेमतेम दिसणारी माइट कीड) असण्याची शक्यता अधिक. आपण दोहोंनाही चुरडा-मुरडा म्हणून मोकळे होतो. मावा आणि पिठ्या ढेकूण प्रथम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढावेत. नंतर एक लिटर कोमट पाण्यात ५ मिलि कडुनिंबाचे तेल आणि भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे काही थेंब घालून, सतत हलवत, संध्याकाळी फवारावे व दर सात दिवसांनी असे तीनदा करावे. दुपारच्या उन्हात फवारल्यास पाने करपतात. आधी एका पानावर वापरून एक दिवस थांबावे.

टोमॅटोचे शेंडे पिवळट, बारीक आणि गोळा झाले असतील तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू असतो. त्यावर औषध नाही. रोप पिशवीत बांधून टाकून द्यावे.

## १०. तीच माती पुन्हा वापरणे

पीक संपल्यावर माती फेकू नये आणि त्याच कुंडीत लगेच तेच पीकही लावू नये. टोमॅटो, मिरची आणि वांगे ही एकाच कुळातील भावंडे असल्याने एकाचे मातीतील रोग दुसऱ्याला लागतात. त्यांच्यानंतर मेथी किंवा गवार घ्यावी. एप्रिल-मेमध्ये रिकाम्या कुंड्यांतील माती काढून मुळे वेचावीत, माती किंचित ओली करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली पातळ पसरावी आणि कडा विटांनी दाबून तीन-चार आठवडे कडक उन्हात तापू द्यावी. त्यानंतर तीन घमेली मातीस एक घमेले नवे कंपोस्ट आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळून पोते सावलीत बांधून ठेवावे. मृगाचा पाऊस पडेपर्यंत ते तयार झालेले असते.